निवळीचे बी आणि निवळलेले पाणी



पावसाळ्याचे पहिले पाणी ओढ्यानाल्यांतून वाहू लागले, की वऱ्हाडच्या काळ्या मातीचा अतिसूक्ष्म अंश त्याबरोबर विहिरी-तलावांत उतरतो, आणि लोणारसारख्या गावी घागरीत भरून ठेवलेले पाणी रात्रभर हलविले नाही तरी सकाळी ते गढूळच आढळते. मातीच्या या कणांवर ऋण विद्युद्भार असतो. समान भारामुळे ते एकमेकांस दूर लोटीत राहतात, आणि एकत्र येऊन जड होण्याची संधीच न मिळाल्यामुळे तळाशी बसत नाहीत. हा दुरावा नाहीसा करणारे द्रव्य योग्य प्रमाणात, योग्य रीतीने पाण्यात मिसळणे, एवढाच निवळण्याच्या विद्येचा गाभा आहे. पण त्यातील ‘योग्य रीतीने’ या दोन शब्दांकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही.

आपल्या देशात या कामी निवळीचे बी फार पुरातन काळापासून वापरात आहे. संस्कृतात या वृक्षास कतक म्हणतात, आणि मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात त्याचा दृष्टान्तच आला आहे: कतकाचे फळ पाणी स्वच्छ करणारे खरे, तथापि केवळ त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नसते. कृतीवाचून गुण नाही, हा त्याचा आशय. हे बी अखंड टाकून उपयोगाचे नाही. ते सहाणेवर थोड्या पाण्यात उगाळून किंवा माठाच्या आतल्या अंगास घासून त्यातील चिकट द्रव्य मोकळे करावे लागते. ते द्रव्य कणाकणांना जोडीत जाते, आणि जुळलेल्या कणांचे पुंजके स्वतःच्या भाराने खाली बसतात.

तुरटीची कृती याहून निराळी आहे. तिच्यातील ॲल्युमिनियमचा धन भार मातीच्या कणांवरील ऋण भार शमवितो, आणि पाण्यातील क्षारतेशी तिचा संयोग होऊन जो कापसासारखा साका तयार होतो, तो खाली उतरताना कणांना आपल्यात गुंतवून नेतो. तुरटीचा खडा हातात धरून माठात फिरविण्याची आपली चाल सोयीची असली, तरी तिच्यात प्रमाणाचा हिशेब राहत नाही. 10 ग्रॅम तुरटी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून ते पाणी 1 लिटर करावे, म्हणजे या द्रवाच्या दर मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम तुरटी येते. लिटरमागे 30 मिलिग्रॅम द्यावयाची ठरल्यास 20 लिटरच्या माठास 60 मिलिलिटर द्रव लागेल. गढूळपणा दर दिवशी सारखा नसल्यामुळे तेच पाणी चार पेल्यांत घेऊन कमी-अधिक मात्रा पाहावी, आणि ज्या सर्वांत अल्प मात्रेने पाणी स्वच्छ होते तीच मुक्रर करावी. द्रव ओतताच पाणी मिनिटभर जोराने ढवळावे, म्हणजे तो सर्वत्र पसरतो. नंतर दहा-पंधरा मिनिटे अगदी सावकाश ढवळावे, म्हणजे पुंजके वाढतात. आणि मग तासभर माठास हात लावू नये. सावकाश ढवळण्याच्या वेळी घाई केली, तर जुळलेले पुंजके पुन्हा फुटतात आणि सारे श्रम वाया जातात.

युरोपात घरच्या घरी यवाची बिअर करणारे लोकही हीच शिस्त पाळतात. घरी मद्य तयार करण्यास आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याने मज्जाव आहे. परंतु त्या लोकांची निवळण्याची पद्धत शास्त्र म्हणून समजून घेण्याजोगी आहे. बिअर गढूळ करणाऱ्या किण्वाच्या पेशींवरही ऋण भार असतो, म्हणून ते धन भाराचे जिलेटिन वापरतात: आधी थंड पाण्यात भिजवून फुगविलेले, मग न उकळता केवळ गरम करून विरघळविलेले. दुसरे द्रव्य माशाच्या वाताशयापासून होते. त्याला सौम्य आम्लात आणि थंडाव्यातच मुरवावे लागते, कारण उष्णतेने त्याचा गुण नष्ट होतो. घोळ माशाच्या ज्या वाताशयास पालघरकडचे मच्छीमार बोत म्हणतात, तोच हा जिन्नस. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर तो कसा तयार करता येईल, याविषयी जॉन फोर्ब्स रॉइल यांनी 1842 साली लंडनमध्ये स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले होते.

आता लोणारच्या सरोवराकडे वळू. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या या विवराच्या काठावर ‘धार’ नावाच्या झऱ्याचे गोडे पाणी अखंड वाहते, आणि तळाशी मात्र 10 च्या आसपास सामू असलेले क्षारजल साठले आहे. अबुल फजलाच्या आइन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात या स्थळी काच आणि साबण यांस लागणारे पदार्थ मिळतात व त्यांपासून चांगला महसूल येतो, अशी नोंद आहे. या सरोवराच्या पाण्यावर चिमूटभर तुरटीचा अंमल चालत नाही, कारण इतक्या तीव्र क्षारतेत तिचा साका न बसता पुन्हा विरघळून जातो. आणि गढूळपणा कसाबसा गेलाच, तरी विरघळलेले क्षार जसेच्या तसे राहतात. तरंगणारा मळ आणि विरघळलेला क्षार या दोन भिन्न वस्तू असून, निवळण्याची विद्या केवळ पहिलीपुरती समर्थ आहे, हे लोणारइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसेल.

जंतूंच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. काचेसारखे स्वच्छ पाणी रोगकारक असू शकते. म्हणून वरचे निवळलेले पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढून, कपड्याने गाळून, खळखळून उकळल्याविना पिऊ नये. ज्यांना उकळण्याइतके सरपण परवडत नाही त्यांनी क्लोरीनचे द्रावण वापरावे; मात्र तेही निवळल्यानंतरच, कारण मातीच्या कणांआड दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोहोचत नाही. आधी निवळणे आणि मग निर्जंतुक करणे, हा क्रम प्रत्येक घरातील कर्त्या माणसाने पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवावा, आणि पाणी भरणाऱ्या मुलाबाळांनाही तो कारणांसह शिकवावा, एवढी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.