‘मी’ घडतो कसा?

खेड्यात नवखे पोर दिसले की पहिला प्रश्न येतो, “कुणाचा रे तू?” पाच वर्षांचे पोर सांगते, “मी बाळू. आईचा.” दहाव्या वर्षी तोच बाळू म्हणतो, “मी चौथीत आहे.” पंचविशीत तो सांगतो, “कारखान्यात फिटर आहे.” आणि सत्तरी गाठली की म्हणतो, “मी आता सुमीचा आजोबा!” माणूस एकच, प्रश्नही एकच, उत्तर मात्र दर टप्प्याला वेगळे. मग खरे उत्तर कोणते? माझे म्हणणे असे, की चारही खरी आहेत. माणसाचे स्वत्व बारशाच्या दिवशी नावाबरोबर पाळण्यात ठेवलेले नसते. ते जन्मभर घडत राहते, आणि ते घडवण्यात भोवतालच्या माणसांचा मोठा हात असतो.

या विषयाचा मूलभूत विचार केला तो एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी. त्यांची स्वतःची हकीकतच ऐकण्यासारखी आहे. १९०२ साली ते जर्मनीत जन्मले. आपला जन्मदाता कोण, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. आई डेन्मार्ककडची ज्यू, सावत्र वडील ज्यू डॉक्टर. मुलगा मात्र उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. शाळेतली मुले त्याला ज्यू म्हणून हिणवीत आणि ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात तो परका ठरे. इकडचाही नाही अन् तिकडचाही नाही! तरुणपणी ते चित्रे काढीत भटकले. १९२७ साली व्हिएन्नातल्या एका लहानशा शाळेत शिक्षक झाले आणि तेथेच मनोविश्लेषण शिकले. १९३३ साली अमेरिकेला गेले आणि १९३९ साली तेथले नागरिक होताना त्यांनी ‘एरिक्सन’ हे आडनाव घेतले. त्याचा अर्थ ‘एरिकचा मुलगा’. विद्यापीठाची पदवी जवळ नसताना ते पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाले. १९५० साली त्यांनी आपल्या ग्रंथात आयुष्याचे आठ टप्पे मांडले.

पहिले तीन टप्पे घरातले. तान्हे मूल रडले आणि कुणी धावून आले, तर ‘जग भरवशाचे आहे’ हे त्याला शब्दांवाचून कळते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ‘मीच जेवणार, मीच चप्पल घालणार’ असा हट्ट सुरू होतो. तो निव्वळ हूडपणा नव्हे. ती ‘मी’ची पहिली पालवी असते. मग खेळातून मूल कधी मास्तर होते, कधी बैलगाडी हाकते.

चौथा टप्पा शाळेचा, आणि शिक्षक बंधुभगिनींनो, येथे आपण फार जपले पाहिजे. सहा ते बारा या वयात मुलाला आपल्या हातून काही तरी नीट व्हावे असे वाटते. ते झाले, तर ‘मला जमते’ ही भावना रुजते. न झाले आणि वर चारचौघांत हसे झाले, तर ‘मी ढच’ हे त्याचे उत्तर होऊन बसते. आपण रागाच्या भरात उच्चारलेला शब्द आपण संध्याकाळी विसरतो. ते मूल विसरत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम आरंभिले. पुढे कोसबाडला आदिवासी मुलांत काम करताना त्यांना दिसले, की गुरे राखणारी मुले शाळेत येऊच शकत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली! तीच कुरणशाळा. मुलाला जे येते त्याची लाज वाटू न देता नवे शिकवायचे, हे त्यातले मर्म आहे.

पाचवा टप्पा कुमारवयाचा. आवाज फुटतो, आरशासमोरचा वेळ वाढतो, बापाशी खटके उडतात. ‘मी कोण होणार?’ हा प्रश्न येथे पेटतो. जेम्स मार्शिया या संशोधकांनी १९६६ साली कॉलेजच्या तरुणांच्या मुलाखती घेऊन चार प्रकार दाखवले. काहींनी शोध घेऊन वाट निवडलेली असते. काही अजून शोधात असतात. काहींनी न शोधताच वडिलांनी ठरवलेले पत्करलेले असते. आणि काहींना शोधही नको, निर्णयही नको. तिसऱ्या प्रकारची मुले आपल्याला फार शहाणी वाटतात. परंतु न चाचपलेली वाट पुढे अडली, म्हणजे त्यांच्यापाशी दुसरे उत्तर नसते. म्हणून दहावी-बारावीनंतर मुलगा थोडा घुटमळला, तर तो वाया गेला असे लगेच समजू नये.

आणि मुलींचे काय? कॅरल गिलिगन या विदुषींनी १९८२ साली आक्षेप घेतला, की हे टप्पे मुख्यतः पुरुषांच्या आयुष्यावरून आखलेले आहेत. स्त्रीचे स्वत्व नात्यागोत्यांत राहूनच वाढते. आपल्याकडे तर लग्नानंतर मुलीचे मधले नाव आणि आडनाव बदलण्याची रीत आहे. काही घरांत पाळण्यातले नावही बदलत. मुलगी सोळा वर्षांची होताच तिचे स्थळ बघू लागलो, तर ‘मी कोण?’ हा प्रश्न तिने विचारण्याआधीच आपण उत्तर देऊन मोकळे होतो. तिला तो विचारू द्या.

सहावा टप्पा जिवलग जोडण्याचा. मधल्या वयात मात्र प्रश्न पालटतो. ‘मी मागे काय ठेवतो?’ असे माणूस विचारू लागतो. १९१८ साली अहमदाबादेत गिरणी कामगारांचा संप झाला. त्यात गांधीजींनी उपोषण केले, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. त्या संपावर एरिक्सन यांनी १९६९ साली एक ग्रंथच लिहिला. दुसऱ्यांची काळजी वाहण्याचे हे वय त्यांना त्या संपात दिसले. पण त्यासाठी गांधीजीच असावे लागते असे नाही बरे का! विहिरीकाठी आंब्याची रोपे लावणारा शेतकरीही तेच करीत असतो.

शेवटचा टप्पा वार्धक्याचा. आजोबा दुष्काळाची तीच गोष्ट दहांदा सांगतात आणि घरातले कंटाळतात. परंतु ते त्या वेळी आपल्या आयुष्याचा हिशेब जुळवीत असतात. जुळला, तर मन शांत होते; न जुळला, तर खंत उरते. ऐकणारा असेल, तर जुळणे सोपे जाते.

तेव्हा श्रोतेहो, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला एखादे जमणारे काम द्या. घुटमळणाऱ्या मुलाला आणि मुलीला थोडा अवधी द्या. आजोबांची गोष्ट अकराव्यांदा ऐका. दुसऱ्याचा ‘मी’ घडतो तो आपल्या अशा लहानसहान वागण्यातूनच.