भिंतीतलं भोक आणि हातातला ताबा

हॅमर ड्रिल विकत घेतलं की खोक्यात एक पुस्तिका मिळते. तिची सुरुवातीची पानं सुरक्षिततेची असतात आणि यंत्र कसं वापरायचं ते पुढे येतं. बहुतेक जण सुरुवातीची पानं उलटून पुढे जातात, कारण ती घाबरटांसाठी किंवा कायद्यासाठी छापली आहेत असा आपला समज आहे. या समजाला माझा विरोध आहे. वायरीवर चालणाऱ्या या साध्या यंत्राच्या बाबतीत सुरक्षितता आणि कौशल्य हे दोन विषय नाहीत. ज्या चुकीने भोक बिघडतं, त्याच चुकीने बहुतेक वेळा हात, डोळा किंवा फुप्फुसही बिघडतं. हे पटायला यंत्राच्या पोटात काय चालतं ते पाहावं लागेल.

हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात. बिट भिंतीवर टेकवून दाबलं की त्या एकमेकींना भिडतात, दाता दात्यावर चढतो, घसरतो, आणि दर घसरणीला बिटाला एक बारीक ठोका मिळतो. चक मिनिटाला 2,800 फेरे घेत असेल आणि चकतीला 16 दाते असतील, तर मिनिटाला 44,800 ठोके बसतात. हे ठोके भिंत कापत नाहीत, तिचा चुरा करतात. बिटाचं काम तो चुरा आपल्या नाळीतून बाहेर आणायचं. या हिशेबातली महत्त्वाची गोष्ट अशी की ठोक्यांची संख्या फेऱ्यांना बांधलेली आहे. थोडा दाब हवाच, नाहीतर चकत्या भिडणारच नाहीत. पण छाती लावून रेटलं की मोटरची गती पडते, आणि गतीबरोबर ठोकेही पडतात. जास्त जोर लावणारा माणूस कमी काम विकत घेत असतो. शिवाय चुरा आतच दाटतो, बिट तापतं, त्याच्या टोकाला झाळून बसवलेल्या टंगस्टन कार्बाइडच्या पात्याचा जोड मऊ पडतो आणि पातं निघतं. तापलेलं बिट पाण्यात बुडवणं तर आणखी वाईट, कार्बाइडला तडा जातो. भुकटी सतत बाहेर येत राहील इतकाच दाब ठेवावा आणि काही सेकंदांनी बिट फिरतं ठेवूनच मागे ओढून नाळ मोकळी करावी. दाटलेलं, तापलेलं बिट अडकतंही लवकर, आणि अडकलेलं बिट हीच या यंत्रातली मनगटाला सर्वांत मोठी भीती आहे.

बिट भिंतीत थांबलं तरी मोटर थांबत नाही. तिचा सगळा पीळ उलटून यंत्राच्या अंगात येतो, आणि पिस्तुलासारखी मूठ एकाच हाताने धरली असेल तर मनगट मुरगळतं. माणूस स्टुलावर असेल तर तोल जातो. बाजूची मूठ यासाठी दिलेली असते आणि पुष्कळ घरांत ती खोक्यातच राहते. तीच मूठ बिट काटकोनात धरायलाही लागते. वाकडं भोक रुंद होतं, रुंद भोकात स्क्रू धरणारी गिट्टी फिरते, आणि फिरणाऱ्या गिट्टीवर शेल्फ टिकत नाही. बटण दाबून ठेवणारं कुलूप शिडीवर वापरू नये, कारण अडकल्या क्षणी बोट सुटलं की यंत्र बंद व्हायला हवं. प्लग लावण्यापूर्वी ते कुलूप सुटलेलं आहे ना, हेही पाहावं. बिट बदलताना प्लग काढावा आणि चकची चावी चकमधून काढावी. सैल बाही, ओढणी, सुती हातमोजे फिरत्या चकजवळ नकोत. हातमोज्याने हात वाचतो असं वाटतं, पण त्याचा धागा गुंतला तर तोच बोट आत ओढतो.

आता भिंत. तिच्याविषयी आपण फार कमी विचार करतो. पुण्यामुंबईत लोक ज्याला सिपोरेक्स म्हणतात त्या हलक्या ब्लॉकला ठोक्याची गरजच नसते. हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवलं की काम होतं, ठोक्याने तो ब्लॉक आतून ढासळतो आणि गिट्टीला पकड उरत नाही. टाइलवरही ती पूर्ण पार होईपर्यंत ठोका नको, गती कमी हवी. कोकणातल्या जांभ्यात मऊ आणि कडक भाग शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे बिट मऊ बाजूला सरकतं. तिथे आधी लहान बिटाने वाट करून घ्यावी. आरसीसी कॉलममध्ये मुख्य सळईवर भारतीय मानकाप्रमाणे निदान 40 मिलिमीटर काँक्रीट असावं लागतं आणि तिला वेढणाऱ्या रिंगा त्याहून वर येतात. म्हणजे 50 मिलिमीटर खोल भोक लोखंडाला भिडू शकतं. भुकटी येणं एकाएकी थांबलं, आवाज बदलला, की रेटायचं नाही, जागा बदलायची. नव्या टॉवरांतल्या मायव्हान भिंती तर पूर्ण काँक्रीटच्या. तिथे भोकं बरीच असतील तर रोटरी हॅमर आणावं. त्यात हवेच्या दाबाने पिस्टन ठोकतो. ठोके मिनिटाला पाचेक हजारच, पण प्रत्येक ठोका वजनदार. चुकीचं यंत्र ताकदीने चालवण्याचा हट्ट हाच पुष्कळ वेळा अपघाताचा आरंभ असतो.

भिंतीत वायरीही असतात. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि खाली भोक पाडू नये हे पुष्कळांना माहीत असतं. एमसीबी आहे ना, मग काय होणार, असा आक्षेप यावर घेतला जातो. एमसीबी वायर वाचवते, माणूस नव्हे. ती 6 किंवा 16 अँपिअरची असते, आणि माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला अँपिअरचा विसावा भागही पुरतो. माणसासाठी 30 मिलिअँपिअरची गळती पकडून वीज तोडणारा आरसीसीबी लागतो. दुसरा आक्षेप असा की आमचं ड्रिल दुहेरी आवरणाचं आहे, चौकोनात चौकोन अशी खूण त्यावर आहे. ते आवरण यंत्राच्या आतल्या बिघाडापासून संरक्षण देतं. बिटच भिंतीतल्या जिवंत वायरीत घुसलं तर चक आणि पुढचा धातूचा भाग जिवंत होऊ शकतो. म्हणून यंत्र नेहमी प्लास्टिकच्या मुठींनीच धरायचं. एक्स्टेन्शनची वायर बारीक असली किंवा गुंडाळी तशीच ठेवली तर ती तापते, व्होल्टेज पडतं, मोटर कुंथते. इथेही धोका आणि निकृष्ट काम एकाच कारणातून निघतात.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट धूळ. वीट आणि काँक्रीट यांच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1997 मध्ये तिला माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवलं. या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, सिलिकोसिस, आपल्या 1948 च्या कारखाने कायद्याने कळवणं बंधनकारक केलेला होता. पडद्याच्या दांडीसाठी दोन भोकं पाडायची तर एवढं कशाला, हा प्रश्न घरमालकाच्या तोंडी रास्त आहे. त्याचा धोका खरोखर थोडा आहे. पण तीच धूळ दिवसभर, वर्षानुवर्षं घेणाऱ्या कामगाराच्या नाकावर बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. त्याला एन-95 मास्क हवा. स्लॅबला भोक पाडताना तर सगळी धूळ तोंडावर आणि डोळ्यांत येते, तिथे चष्म्यावाचून चढूच नये. भोकातली भुकटी तोंडाने फुंकली की ती सरळ डोळ्यांकडे उडते. ब्रश आणि हातपंपाने काढली की भोकही स्वच्छ होतं आणि गिट्टी किंवा केमिकल अँकर भिंतीला नीट धरतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनाचा आहे. वीस-वीस वर्षं काम करणारे कारागीर चपला घालून, चष्म्याशिवाय ड्रिल चालवतात, त्यांना काही होत नाही. पण आपल्यासमोर उभा असतो तो काम करत राहिलेला माणूस. ज्याचा डोळा गेला, ज्याला धाप लागते, तो कामावरून उठून गावी गेलेला असतो, आणि आपल्या अनुभवाच्या यादीत त्याचं नाव येत नाही. शिवाय या निष्काळजीपणाचा उगम कारागिराच्या स्वभावात शोधणं अन्यायाचं आहे. आपण त्याला भोकागणिक पैसे देतो. बिट मागे ओढायला, भिंत ठोकून पाहायला, धूळ साफ करायला लागणारा वेळ त्या दरात धरलेला नसतो, म्हणून तो वेळ त्याला स्वतःच्या शरीरातून काढावा लागतो. दर ठरवताना हा वेळ धरावा, चष्मा आणि मास्क काम देणाऱ्याने पुरवावेत, आणि आपल्या घराच्या बोर्डात आरसीसीबी आहे की नाही हे कारागीर येण्याआधी आपण पाहून ठेवावं.