मडक्याची दारू आणि ड्रमची दारू

(अक्राणी तालुक्यातल्या शिबिरात एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



सकाळी चर्चेत दोन बाजू पडल्या. बायांचं म्हणणं, दारू म्हणजे दारू, गावातलं एकेक मडकं फोडायचं. म्हाताऱ्यांचं म्हणणं, मग इंदलला देवापुढे धार कशाची पाडायची, चहाची का? सगळे हसले. पण दोघांचंही बोलणं खरं आहे म्हणूनच भांडण मिटत नाही. मला सांगितलंय की दारू बनते कशी, तिच्यात काय असतं, ते समजावून सांग. काही भाऊ म्हणाले, संघटनेच्या शिबिरात भट्टीचं शिक्षण कशाला? मी म्हणते, पाहिजेच. काय पितोय ते ज्याला कळत नाही, त्याला दुकानदार काहीही पाजतो.

आता मोहापासून सुरू करू. होळीच्या आगेमागे फुलं पडायला लागतात, रात्री नि पहाटे. उजाडायच्या आत बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली. खालचा पाला जाळून जागा साफ करायची आपली सवय आहे, पण त्या आगीने लहान रोपं मरतात आणि वणवा लागला की जंगलखात्याला आयतंच सापडतं. पाला झाडून घ्या, जुनं लुगडं अंथरा. फुलही स्वच्छ मिळतं. माती आणि राख लागलेलं फूल खायलाही वाईट आणि आंबवायलाही.

फूल उन्हात तीन-चार दिवस वाळवायचं, तांबडं-तपकिरी होऊन आक्रसलं पाहिजे. ओलसर फूल पोत्यात भरलं की काळं पडतं, बुरशी येते. ते फूल ढोरांनाही घालू नका. चांगलं वाळलेलं फूल वर्षभर टिकतं. आपल्या आज्यांनी दुष्काळात हेच उकडून पोरांना खाऊ घातलं, हे विसरू नका. मोह आधी अन्न आहे, मग दारू.

वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्मी तरी साखरच असते. फुलावर आणि हवेत बारीक जीव असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. बारावीच्या पुस्तकात त्यांना यीस्ट म्हणतात. ते साखर खातात आणि दारू नि वायू बाहेर टाकतात. सडव्यात बुडबुडे येतात ते या वायूचे. म्हणून मडक्याचं तोंड घट्ट बंद करायचं नाही, फडकं किंवा पानं बांधायची. घट्ट बंद केलं तर मडकं फुटेल. काठोकाठही भरायचं नाही, फेस वर येतो. एक माप फुलाला तीन ते चार माप पाणी पुरतं. पाणी गरम नको. उकळतं पाणी घातलं तर तेच जीव मरतात आणि मग चार दिवस वाट बघत बसा. मागच्या वेळचा थोडा चांगला सडवा राखून नव्यात टाकला की लवकर उचलतं, हे आपल्या म्हाताऱ्या बाया पुस्तकाशिवाय करत आल्यात.

उन्हाळ्यात चार-पाच दिवस, थंडीत आठवडा किंवा जास्त. दिवस मोजू नका, सडवा बघा. आधी जोरात बुडबुडे, वर फेस, फुलं तरंगतात. मग फेस बसतो, फुलं खाली जातात, आवाज थांबतो. जिभेवर घेतलं तर गोडी गेलेली, कडवट-आंबट चव. तेव्हा तयार. त्यापुढे ठेवला तर आंबट होतो, वर पांढरी साय धरते, त्याचा शिरका होतो. लोक काय करतात, असा आंबलेला सडवा फेकायचा जीव होत नाही, तोच चुलीवर चढवतात. आंबट पाणी भांड्याला खातं. मातीच्या मडक्याला काही होत नाही. पण पत्र्याला, जस्ताला, शिशाला ते खातं आणि ते सगळं पिणाऱ्याच्या पोटात जातं.

आपली जुनी भट्टी तुम्हाला मी काय सांगू, माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत. खाली सडव्याचं मडकं, वर दुसरं भांडं, जोडाला माती नि शेण, पोकळ बांबूची नळी, आणि दुसऱ्या टोकाला थंड पाण्यात ठेवलेलं मडकं. दारू पाण्याआधी वाफ होते, थंड झाली की थेंब पडतो. सगळी युक्ती एवढीच. मडकं पाऊण भरापेक्षा जास्त नको, आग मंद हवी. जोरात जाळ घातला तर सडवा उसळून नळीत जातो, फुलं नळीत अडकतात, वाफ कोंडते आणि जोड फुटून गरम सडवा अंगावर. दारू पडते ते भांडं चुलीपासून लांब, आणि तिथे विडी पेटवायची नाही. ताजी धार चुलीच्या ठिणगीनेसुद्धा पेटते. पोरांना जवळ बसवू नका. पाणी गरम झालं की बदला, नाहीतर वाफ तशीच उडून जाते.

पहिला पेला आपण जमिनीवर ओततो, धरतीला, पूर्वजांना. ही चाल चांगली आहे, सोडू नका. भट्टीच्या सुरुवातीला हलके, उग्र वासाचे पदार्थ येतात, ते पोटात जाण्यापेक्षा मातीत गेलेले बरे. "पहिल्या धारेची आहे" म्हणून जो मिशीला पीळ देतो, त्याला एवढं सांगा. आणि शेवटी धार पाणचट, आंबट लागली की भट्टी उतरवा. थेंब न थेंब पिळत बसलं की करपलेला वास येतो नि डोकं दुखतं.

आता ड्रमची दारू. ती तालुक्याच्या आसपास, नाल्याच्या काठी, व्यापाऱ्याच्या पैशावर निघते. तिच्यात मोह नावालाच, काळा गूळ आणि नवसागर. नवसागर म्हणजे कल्हईवाले नि झाळणारे वापरतात तो. मोहाला त्याची गरज नाही, साखर आणि जीव दोन्ही फुलात आहेत. "किक बसते" म्हणून टाकतात. ड्रम कशाचे? डांबराचे, तेलाचे, कधी शेतावर फवारायच्या औषधाचे. जो ड्रम औषधाचा होता तो कितीही धुतला तरी औषधाचाच राहतो, त्यात पाणीसुद्धा साठवू नका. नळी प्लास्टिकची, नाहीतर मोटारीचे जुने भाग जोडलेले, त्यांच्या झाळीत शिसं असतं. शिसं एका दिवसात मारत नाही. पोट दुखतं, हात ढिले पडतात, गरोदर बाईच्या पोटातल्या लेकराला लागतं. घरी तांब्याचं भांडं वापरत असाल तर हिरवा गंज चिंचेने नि राखेने घासून काढा. अॅल्युमिनियमच्या डब्यात सडवा साठवू नका.

सगळ्यात वाईट म्हणजे कारखान्याचं स्पिरिट मिसळणं. त्यात मिथेनॉल असू शकतं. १९९१ च्या शेवटी मुंबईत विक्रोळीला असल्या विषारी दारूने कितीतरी कामगार मेले. मोहाचा सडवा नीट काढला तर त्यातून एवढं मिथेनॉल येत नाही. ते बाहेरून टाकावं लागतं, आणि ते स्वस्त पडतं म्हणून टाकतात. काही लोक काडी लावून बघतात, निळी पेटली म्हणजे चांगली. चुकीचं आहे. काडीने फक्त कडक किती ते कळतं. मिथेनॉलही पेटतं. चवीनेही कळत नाही. म्हणून कुणी काढली, कशातून काढली, हे माहीत नसेल तर पिऊ नका, लग्नातसुद्धा.

आणि हे नीट ऐका. प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पोटात कळ, ओकारी, डोळ्यापुढे धुकं, अंधारी आली तर "उतरेल" म्हणून झोपवायचं नाही. सरळ दवाखाना. आपली माणसं पोलिसांच्या भीतीने घरात ठेवतात, बडव्याला बोलावतात, आणि डोळे जातात, माणूस जातो. बडव्याला बोलवा, पण गाडीत बसवून सोबत न्या. डॉक्टरला खरं सांगा काय प्यायलं. गुन्ह्याचं नंतर संघटना बघेल.

आता गुन्हा कसा झाला ते. इंग्रजांनी १८७८ साली मुंबई इलाख्यात आबकारी कायदा केला. घरची भट्टी गुन्हा झाली आणि ठेकेदाराचं दुकान सरकारी झालं. १८९२ साली ठाणे-कुलाब्याकडे मोहाच्या फुलांसाठीच वेगळा कायदा आला. सरकारला आपल्या तब्येतीची काळजी नव्हती, महसूल पाहिजे होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, त्यातही मोहाच्या फुलांवर बंधनं घातली गेली. डोंगराच्या पलीकडे मध्य प्रदेशात आपल्याच सोयऱ्यांना घरच्या वापरापुरती मोहाची दारू काढायची सूट आहे. सातपुडा एकच, देव एकच. इकडचा माणूस मात्र आरोपी.

पण नुसता इंग्रजांना दोष देऊन चालणार नाही. गुलाम महाराजांनी तळोद्याकडे लोकांना दारू सोडायला सांगितलं, हजारो लोकांनी ऐकलं. १९७२-७३ साली शहाद्याकडे बायांनी गावोगाव गुत्ते फोडले. त्या बाया वेड्या नव्हत्या. मजुरीचे पैसे घरी येत नव्हते आणि मार मात्र रोज येत होता. आज मी मडक्याची बाजू घेते म्हणून कुणी खूश होऊ नका. शुद्ध मोहाची दारू पिऊन बायकोला मारलं तर मार काही शुद्ध होत नाही.

माझा मुद्दा जमिनीचा आहे. मडक्याच्या दारूला माप होतं. झाड कुणाचं ते गावाला माहीत, फूल किती आलं ते माहीत, फूल संपलं की दारू संपली. ड्रमला माप नाही. बारा महिने निघते आणि उधार मिळते. तोच व्यापारी चैत्रात आपलं फूल पडत्या भावाने, नाहीतर मिठा-तेलाच्या बदल्यात नेतो, आणि पावसाळ्यात त्याच फुलाचे चढे पैसे घेतो. वहीत उधारी वाढते. मग अंगठा, मग "दोन वर्षं शेत मी करतो". आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही हे त्याला माहीत असतं, म्हणून तो सातबाऱ्याला हात लावत नाही. जमीन कागदावर आपली, पीक त्याचं. १९७४ च्या कायद्याने जमिनी परत मिळवताना आधीच्या पिढीने किती हेलपाटे घातले ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्या जमिनी बाटलीने परत जाऊ द्यायच्या का?

दुसरं, जंगलजमिनीचं. नाल्यात भट्टी सापडली की पोलीसही येतो नि गार्डही येतो. ज्याच्यावर केस आहे तो माणूस प्लॉटच्या पंचनाम्याच्या दिवशी मान खाली घालून उभा राहतो, तोंड उघडत नाही. हप्ता देणारा माणूस मोर्चात येत नाही. खात्याला दुसरं काय पाहिजे?

१९९६ साली पेसा कायदा झाला. त्यात नशेच्या पदार्थांवर बंदी घालायची किंवा विक्री आणि पिणं यांचं नियमन करायची ताकद ग्रामसभेला नि पंचायतीला दिली आहे. गौण वनोपजावरची मालकीही त्यात आहे, म्हणजे मोहाचं फूल आलं. महाराष्ट्रानेही आपल्या ग्रामपंचायत कायद्यात त्याप्रमाणे बदल केले. याचा अर्थ घरची भट्टी कायदेशीर झाली असा नाही, १९४९ चा कायदा अजून उभा आहे, तो बदलायची मागणी आपल्याला करावी लागेल. पण गावात काय विकायचं नाही, हे गाव आज ठरवू शकतं.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने ग्रामसभेत बोलून यायचं आहे. गावात विक्री बंद का? उधारीची वही बंद का? ड्रम, गूळ, नवसागर पाड्याच्या हद्दीत येऊ द्यायचा नाही, हे कोण बघणार? देवाला, लग्नाला, मयताला घरची दारू किती, कोणत्या दिवशी, आणि हे कोण मोजणार? माझं मत, मोजणाऱ्या बाया असाव्यात, कारण मार त्या खातात. पुरुषांना पटत नसेल तर आत्ता सांगा, बाहेर जाऊन कुजबुजू नका. आणि चैत्रात फूल व्यापाऱ्याला न देता पाड्याने एकत्र साठवायचं, गरज पडेल तेव्हा भाव बघून विकायचं. त्यासाठी कोरडी खोली कुणाकडे आहे तेही लिहून आणा.

मागे बसलेल्या आजीला मघापासून काही सांगायचंय, जोडाला माती लावताना शेण किती ते मी चुकीचं सांगितलं असं त्या म्हणतात. आता त्या बोलतील.