बुडीतवाले आणि आपण



मला विषय दिलाय 'शेजारधर्म'. पण तळोद्यात उभं राहून शेजारधर्मावर बोलायचं आणि सोमावल, रोझवे, रेवानगर, नर्मदानगर इथल्या वसाहतींचं नाव काढायचं नाही, हे मला जमणार नाही. तुमच्यापैकी बरेचजण 1998 नंतरचे, म्हणजे धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यावर जन्मलेले. तुम्हाला वाटत असेल, या वसाहती पहिल्यापासून इथेच आहेत.

सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली 33 गावं आली. सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, सगळी आदिवासींची. जमिनीच्या बदल्यात जमीन, असं 1979 च्या लवाद निवाड्यात ठरलेलं होतं. ती आणायची कुठून? 1990 मध्ये तळोद्याच्या जंगलातली 2,700 हेक्टर जमीन त्यासाठी मोकळी केली, पुढे आणखी 1,500. कागदावर ते जंगल होतं. प्रत्यक्षात त्यात ठिकठिकाणी इथलेच आदिवासी आधीपासून नांगर चालवत होते. सातबारा नाही, म्हणून सरकारी भाषेत ते अतिक्रमणधारक. एका गरिबाच्या हातातली जमीन दुसऱ्या गरिबाच्या नावावर करायची आणि मग दोघांनी आपसात निस्तरायचं. राग कुणावर निघणार? मंत्रालय मुंबईत, धरण गुजरातेत. समोर होते बुडीतवाले.

मी तेव्हा शाळकरी. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. एका दुपारी वसाहतीतला एक पावरा माणूस प्रेतावर घालायचं कापड मागायला आला. बायको गेली होती त्याची. पैसे थोडे कमी पडत होते. बाकावर एक जुनं गिऱ्हाईक बसलेलं. माणूस चांगला, दर ईदला आमच्याकडे शिरखुर्मा घ्यायला येणारा. तो म्हणाला, "चाचा, यांना उधार देऊ नका. आज आहेत, उद्या नाहीत." वडिलांनी कापड फाडलं, वहीत नाव लिहिलं. तो पावरा मात्र जागचा हलेना. त्याने विचारलं, लाकडं कुठे मिळतील? नदीकाठच्या त्याच्या गावात हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. इथे जे जंगल उरलं होतं त्याला राखणदार, आणि शेजारच्या पाड्यातले लोक त्याला शिवारात पाऊल टाकू देत नव्हते.

पुनर्वसनावर बोलताना आपण हेक्टर मोजतो. ज्याचे आईबाप, देव, सगळे पाण्याखाली गेले, तो माणूस रडायला कुठे जातो, याचा रकाना कुठल्याच अर्जात नसतो. खरं तर हे आपल्याला लवकर कळायला हवं. कब्रस्तानाच्या दोन गुंठ्यांसाठी आपण किती खेटे घालतो!

पाड्यातल्यांना मी खलनायक करणार नाही. त्यांची भीती खरी होती. त्यांच्या कसण्याला हक्क म्हणणारा वनहक्क कायदा 2006 साली आला, म्हणजे या सगळ्यानंतर कितीतरी वर्षांनी. आणि आलेलेही काही हौसेने आले नव्हते. नोव्हेंबर 1993 मध्ये अक्राणीतल्या चिंचखेडीला पोलिसांच्या गोळीबारात रेहमल वसावे गेला. वय 15. तुमच्यातले काही आज तेवढेच आहेत.

मदीनेच्या अन्सारांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मक्केहून आलेल्या मुहाजिरांना त्यांनी घरं दिली, बागांतली खजूर वाटून दिली, पैगंबरांनी एकेकाला एकेकाचा भाऊ करून दिलं. वाज़ इथेच थांबतो. पुढचं सहसा सांगत नाहीत. काही वर्षांनी एका मोहिमेत विहिरीवर पाण्यावरून एक मुहाजिर आणि एक अन्सारी भांडले. दोघांनी आपापल्या लोकांना हाक मारली आणि तलवारी निघायची वेळ आली. पैगंबरांनी त्या हाकांना जाहिलियतच्या हाका ठरवलं. मला ही विहीर जास्त जवळची वाटते. भाऊ एकदा करून भागत नाही, पाणी कमी पडलं की पुन्हा करावा लागतो. 'तुम्ही इथले कुठले' हा प्रश्न आपल्याला विचारतात तेव्हा झोंबतो. आपल्याच मोहल्ल्यात बाहेरून आलेल्या भाडेकरूला आपण तोच विचारतो.

आता कामाचं. दोन्हीकडची, वसाहतीतली आणि पाड्यातली मुलं तळोद्यात शिकायला येतात. त्यांच्या घरी जायचं ठरवलंय आपण, रविवारी. प्रश्नावली नेऊ नका, फोटो काढू नका. म्हाताऱ्यांना मराठी नीट येत नाही, तेव्हा पावरी किंवा भिली बोलणारा एखादा वर्गमित्र बरोबर घ्या. आणि एकाच बाजूच्या घरी चहा पिऊन परत येऊ नका; दोन्हीकडे बसायचं आहे, दिवस पुरला नाही तर पुढच्या रविवारी.