गटार ही भीक नव्हे



मी इथं धरणाची आरती ओवाळायला उभा नाही. १९६०च्या दशकात कोयना अडली. पाटण-जावळीची गावं उठली, वीज मुंबईला गेली. पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली! आधी घर बुडवलं, मग कायदा लिहिला. पुढं वारणेवर चांदोलीचं धरण झालं, सांगली जिल्ह्यात वसाहती बसल्या.

पिण्याचं पाणी, गटार, संडास, स्मशानभूमी देणं सरकारवर बंधनकारक आहे. पण गटार नसलं की सांडपाणी दारात तुंबतं, डास माजतात. नळ बंद झाला की फुटक्या पाइपात तीच घाण शिरते. मग पोरांना हगवण, कावीळ. डॉक्टर म्हणतो, पाणी उकळून प्या. सरपण कुठलं? रान पाण्याखाली, उरलेलं अभयारण्यात! ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, त्या आमच्या माणसानं तर मजुरी बुडवून दवाखाना गाठायचा.

याला नशीब म्हणू नका. हे धरणाचं थकलेलं बिल आहे. १९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते हक्कासाठी, दानासाठी नव्हे. उद्या कचेरीत एकच विचारा : आमच्या नळाचं पाणी शेवटचं कधी तपासलं? कागद दाखवा!

जय भीम.