माहूरचा डोंगर, सायकलवर

  आज मी सायकलबद्दल बोलणार आहे. शाळेत जायची सायकल आपल्याला माहीत आहे. मी बोलतेय सायकलवरून गावोगाव फिरण्याबद्दल, डोंगर चढून देवदर्शनाला जाण्याबद्दल, म्हणजे सायकलच्या सहलीबद्दल. ‘हे काय आपल्या कामाचं?’ असं लगेच म्हणू नका. थोडं ऐकून घ्या.

पुण्या-मुंबईकडची माणसं हल्ली सायकलवर लांबलांब जातात. कोणी कोकणात उतरतं, कोणी आषाढीच्या आधी सायकलनं पंढरपूर गाठतं. वेदांगी कुलकर्णी ही पुण्याची मुलगी. वय अवघं २० वर्षं, आणि २०१८ साली तिनं सायकलवर पृथ्वीची फेरी मारली. २९,००० किलोमीटर, १५९ दिवस. एवढं काही आपल्याला करायचं नाही. पण सायकलवर बघण्यासारखं आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय कमी आहे?

आपला जिल्हा उंच पठारावर वसलेला. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे थेट आपल्यापर्यंत आलेत. दक्षिणेला पैनगंगा. तिच्या काठानं उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्य आहे, त्याला नदीनं तीन बाजूंनी वळसा घातलाय. सहस्रकुंडचा धबधबा त्याच नदीवरचा. पलीकडे नांदेड जिल्ह्यात माहूरगड. इकडे पांढरकवडा आणि घाटंजीच्या बाजूला टिपेश्वर अभयारण्य, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं सागवानाचं जंगल.

टिपेश्वरचं नाव निघालं की आधी वाघ आठवतो. म्हणून तेच आधी स्पष्ट सांगते. अभयारण्यात सायकल घेऊन जायचं नाही. तिथं परवानगी काढून, वन विभागानं ठरवलेल्या गाडीतून, वाटाड्या सोबत घेऊनच जायचं असतं. राजस्थानात भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात सायकल चालते. आपल्याकडचं जंगल तसं नाही. २०१८ साली पांढरकवडा आणि राळेगावच्या शिवारात काय दिवस काढले, ते तिथल्या बायांना विचारा. भरल्या शेतात एकटीनं जायची सोय उरली नव्हती.

त्याच टिपेश्वरच्या एका तरुण वाघाची दुसरी गोष्टही आहे. २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडावर तो जागा शोधत निघाला. गळ्यात पट्टा होता, म्हणून त्याची वाट कळत गेली. महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत तो सुमारे ३,००० किलोमीटर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन थांबला. याचा अर्थ एवढाच, की वाघ अभयारण्याच्या पाटीपाशी थांबत नाही. म्हणून जंगलालगतच्या रस्त्यावर सायकल उन्हं वर आल्यावर काढायची, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं, आणि एकटीनं जायचं नाही. वाघाचा वावर असल्याचं वन विभागानं कळवलं असेल, तर तो रस्ता त्या दिवशी सोडून द्यायचा.

आता जायचं कुठं? तीन वाटा सांगते.

पहिली वाट यवतमाळहून कळंबची, २२ किलोमीटरच्या आसपास. कळंबचा चिंतामणी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पायऱ्या उतरून जमिनीखाली दर्शनाला जायचं. काही वर्षांनी कुंडातलं पाणी आपसूक वर चढतं, ते बघायला लोक लोटतात. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. मात्र हा नागपूर-तुळजापूर महामार्ग. ट्रक जोरात जातात. कडेच्या पट्टीवरून, एकीच्या मागे एक अशाच ओळीनं जायचं.

दुसरी वाट दारव्ह्याची, ४० किलोमीटरच्या आसपास. ही शकुंतलेची वाट. आपल्या आज्यांनी पाहिलेली, आयांनी जिच्यातून प्रवास केला ती छोटी गाडी. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरचे अरुंद रूळ इंग्रजांच्या कंपनीनं टाकले, ते आपला कापूस मुंबईमार्गे विलायतेच्या गिरण्यांना पोचवायला. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता गाडी बंद आहे. लासिना, लाडखेड ही तिच्यावरची स्टेशनं. मुलींना तिथं घेऊन जा आणि सांगा, की आपल्या शेतातल्या कापसासाठी इथवर रेल्वे आली होती.

तिसरी वाट माहूरची. यवतमाळ, आर्णी, धनोडा, पैनगंगेचा पूल आणि माहूर. पाऊणशे किलोमीटरच्या आसपास अंतर, म्हणजे जायला एक दिवस आणि यायला एक दिवस. आर्णीत बाबा कंबलपोशांच्या दर्ग्याशी टेकायचं, पुलावर नदी बघायची, आणि माहूरला भक्तनिवासात मुक्काम करायचा. गडाचा घाट चढा आहे. सायकली खाली गावात ठेवून गाडीनं किंवा पायी वर गेलेलं बरं. रेणुकामाता, अनसूया, दत्तशिखर, डोंगरात कोरलेली पांडवलेणी आणि जुना किल्ला, हे सगळं एका ठिकाणी.

माहूरला गेलात की मुलींना रायबागनची गोष्ट सांगा. ती माहूरची देशमुखीण, नाव सावित्रीबाई. नवऱ्यामागे वतन सांभाळणारी, घोड्यावर बसून लढाईला जाणारी. औरंगजेबानं तिला ‘रायबागन’, म्हणजे राजवाघीण, असा किताब दिला. १६६१ साली उंबरखिंडीत ती मोगलांच्या फौजेत होती. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी फौज कोंडली, तेव्हा शरण जाण्याचा शहाणा सल्ला सरदाराला तिनंच दिला. साडेतीनशे वर्षांपूर्वी माहूरची एक बाई घोड्यावरून सह्याद्रीपर्यंत गेली. आणि आज आपण माहूरला सायकलवर निघालो तर लोक काय म्हणतील?

खरी अडचण हीच आहे, बायांनो. सायकल घरात आहे. मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून लांब राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. मुलगी रोज पाच-सहा किलोमीटर ती चालवते. बारावी झाली की तीच सायकल भाऊ नेतो, नाहीतर गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजते. लग्न झालेली बाई सायकलवर दिसली तर माणसं वळून बघतात. तिचा नवरा मात्र पंपाचं इंजिनसुद्धा सायकलवर बांधून नेतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही.

तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे, आपल्यासारखाच कोरडवाहू. १९९१ मध्ये तिथं साक्षरतेची चळवळ सुरू होती. कलेक्टर बाई होत्या, शीला राणी चुंकत. अक्षरांबरोबर बायांना सायकलही शिकवायची असं तिथं ठरलं. शेतमजूर बाया, दगडखाणीत राबणाऱ्या बाया हजारोंनी शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तर पुरुषांच्या सायकलवर बसल्या, आणि पुढे त्यांना तीच आवडू लागली, कारण दांड्यावर लेकरू बसवता येतं. लोक टोमणे मारायचे. पण पाण्याचे हंडे, बाजाराचा माल आणि पोरं त्याच सायकलवरून जाऊ लागली, बसची वाट बघण्यातला वेळ वाचला, आणि टोमणे आपोआप विरले. एकटी बाई दिसली की लोक बोलतात. शंभर दिसल्या की सवय होते.

म्हणून माझं म्हणणं असं. पहिली सहल एकटीदुकटीनं काढू नका, गटानं काढा. वेचणी उरकल्यावर, संक्रांतीच्या पुढे माघ महिना चांगला. ऊन कोवळं असतं, आणि फाल्गुनाकडे पळस फुलायला लागतो. एप्रिल-मेचं आपलं ऊन सायकलसाठी नाहीच.

तयारी फार लागत नाही. आधी पंधरा-वीस दिवस रोज थोडी सायकल चालवा. सीटची उंची अशी ठेवा, की पायडल खाली गेल्यावर गुडघा जरासाच वाकलेला राहील. सीट बसकी असली की गुडघे भरून येतात. चेनला तेल, चाकात हवा, दोन्ही ब्रेक घट्ट. साडी नेसत असाल तर काष्टा घाला, नाहीतर सरळ पंजाबी ड्रेस घाला. पदर आणि ओढणी चाकापासून दूर, घट्ट खोचलेली. हवेचा पंप, एक ट्यूब आणि पंक्चरचं सामान गटात एकीकडे असू द्या. चढाला दमलात तर उतरून ढकलत न्या, त्यात लाज कसली? उताराला ब्रेक सारखा दाबून धरू नका. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, आणि पुढचा एकटाच कधी दाबायचा नाही. वाट माहीत असलेली बाई सगळ्यांत पुढे, आणि अनुभवी बाई सगळ्यांत मागे. कोणाला झेपलं नाही तर येताना एस.टी. आहे. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे. सायकली गावातला एखादा छोटा हत्ती आणेल.

आता ज्याबद्दल कोणी उघड बोलत नाही ते बोलते. बाई प्रवासाला निघाली की पाणी पीत नाही. का? वाटेत जायला जागा नसते म्हणून. सायकलवर पाणी न पिता चालणार नाही, चक्कर येईल. तेव्हा यावर उपाय आपल्यालाच करावा लागेल. दर दहा-बारा किलोमीटरवर कोणत्या ना कोणत्या गावात बचत गट आहेच. ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घ्या. प्रत्येक गावात एक घर ठरवा, जिथं स्वच्छ संडास असेल, माठातलं पाणी असेल आणि सावलीत टेकता येईल. सीआरपी ताईकडे त्या घरांची यादी ठेवा. एवढं झालं की बाईला रस्ता मोकळा झाला.

आणि आपल्यासाठी केलेली ही सोय बाहेरच्यांनाही चालते. सायकलवर फिरणाऱ्या शहरी पाहुण्याला मोठं हॉटेल नको असतं. त्याला पाणी, केळी, गरम भाकरी, ठेचा आणि रात्रीला स्वच्छ अंथरूण लागतं. आपले रोडगे आणि वांग्याची भाजी खायला तर तो वाट वाकडी करून येईल. सायकलवाला हळू जातो, म्हणून थांबतो आणि चार पैसे गावात खर्च करतो. मोटारवाला धूळ उडवून निघून जातो. बाईच्या नावावरच्या पर्यटन व्यवसायासाठी राज्य सरकारचं ‘आई’ धोरण २०२३ मध्ये आलंय. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत सरकार परत करतं. पण पहिल्याच दिवशी कर्जाच्या मागे लागू नका. आधी संडास, पाणी आणि जेवण. पाहुणे यायला लागले, हिशेब जमला, की मग बँकेची पायरी चढा. पैसा आला तर तो गटाच्या खात्यात, रांधणाऱ्या बाईच्या नावानं लिहिला गेला पाहिजे. नाहीतर रांधणार आपण आणि पाहुण्याचे पैसे दुसऱ्याच्याच खिशात.

शेवटी एक काम सांगते. पुढच्या बैठकीला येताना घरातली पडलेली सायकल ढकलत का होईना, घेऊन या. किती निघतात ते मोजा. दुरुस्तीला लागेल ते शे-दोनशे गटातून घ्या. ज्यांना येत नाही त्यांना आपल्याच मुली शिकवतील. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पडायचं, उठायचं, हसायचं. महिन्याभरात कळंब होईल. त्यापुढे माहूर काही लांब नाही.

रेणुकामाता सगळ्यांना बळ देवो. नमस्कार.