अडले ते काचांपाशी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आम्ही जुने मॅट्रिक. पदार्थविज्ञानात आमची गती बेताचीच. तरीही आज एका विदुषीची हकीकत आपणांपुढे ठेवावी असे आम्ही योजिले आहे. त्यांचे नाव बिभा चौधरी.

१९१३ साली जन्मलेल्या बिभाबाईंनी १९३६ साली कलकत्ता विद्यापीठाची एम. एस्सी. पदवी मिळविली व पुढे देवेंद्रमोहन बोस यांच्यासमवेत विश्वकिरणांचे संशोधन आरंभिले. त्यांची साधने काय होती? फोटोच्या काचा! दार्जिलिंग, संदकफू अशा उंच ठिकाणी त्या काचा महिनोन्महिने ठेवावयाच्या. आकाशातून आलेला कण काचेवरील लेपातून गेला की त्याची रेघ उमटे. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या रेघेचे वळण आणि तिच्यातील ठिपक्यांची दाटी मोजावयाची व त्यावरून न दिसणाऱ्या कणाचे वस्तुमान ठरवावयाचे. ते इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट भरले. हे संशोधन १९४० ते १९४२ या काळात ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

परंतु तो काळ महायुद्धाचा. अधिक चांगल्या लेपाच्या काचा मिळेनात. काम पुढे सरकेना. युद्धानंतर, १९४७ साली, ब्रिस्टल विद्यापीठात सेसिल पॉवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुधारलेल्या लेपाच्या साहाय्याने पाय-मेसॉन शोधून काढला. १९५० चे नोबेल पारितोषिक पॉवेल यांना मिळाले. बिभाबाईंपाशी बुद्धी होती, चिकाटी होती; अडले ते काचांपाशी.

त्या खचल्या नाहीत. मँचेस्टर विद्यापीठात ब्लॅकेट यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेटचे काम केले. १९४९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या रुजू झाल्या. तेथील त्या पहिल्या स्त्री-संशोधक होत. १९९१ साली त्या निवर्तल्या. २०१९ साली एका दूरच्या ताऱ्यास ‘बिभा’ हे नाव देण्यात आले.

आता आमचा एक अपराध सांगतो. आपल्याच ज्ञातीतील एका हुशार मुलीच्या वडिलांनी आमचा सल्ला विचारला असता, “मुलीला सायन्सला कशाला घालता? खर्च फार,” असे आम्हीच सांगितले. त्यांनी आमचे ऐकले. त्या मुलीचा चेहरा आम्हांस अद्याप आठवतो.

म्हणून प्रार्थना एवढीच, की मंडळाच्या शिक्षण-निधीतून शास्त्रशाखेकडे जाणाऱ्या मुलींना प्रथम साहाय्य मिळावे. आमच्या निवृत्तिवेतनातील एक महिन्याची रक्कम आम्ही आज या निधीस अर्पण करीत आहो. आपणही यथाशक्ती हातभार लावावा, ही नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.